विकतची बुरशी

बुरशीशी आमच्या घराण्याचे संबंध फार जुने आहेत. लहानपणी पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे चपलांना बुरशी लागायची, वडिलांच्या कमरेच्या पट्ट्याला लागायची, थोरल्या काकांच्या लग्नातल्या कोटाला लागायची. पावाला तर ती इतक्या तत्परतेने लागायची की बेकरीवाला पाव त्यासाठीच करतो की काय, अशी शंका यावी. आणि ही सगळी बुरशी फुकट होती! तिच्यासाठी कुणी पत्रक छापले नव्हते, वर्ग चालवला नव्हता, की तिची वाट पाहिली नव्हती. न बोलावता यायची आणि हाकलली तरी जायची नाही. थोडक्यात, नात्यातल्या माणसासारखी वागायची.

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी आयुष्यात प्रथमच रोख पैसे मोजून बुरशी विकत आणली. तिच्यासाठी काड कापले, पाणी तापवले, खोली फिनेलने धुतली. आणि ती लागेना!

हा लेख त्या बुरशीविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिची बाजू निर्दोष आहे आणि ते मी पुढे सिद्ध करणार आहे. हा लेख आहे तो ‘हाताला गुण नाही’ या तीन शब्दांविरुद्ध. एखादी गोष्ट का बिघडली हे शोधायचा कंटाळा आला, की आपल्याकडे हे तीन शब्द काढतात. आणि गंमत अशी, की ते नेहमी अशाच माणसाच्या हाताबद्दल काढतात, ज्याला उलटून बोलण्याची सोय नसते.

झाले असे. एका प्रदर्शनात माझ्या हातात एक पत्रक पडले. ‘कमी जागा! कमी भांडवल! फावला वेळ! घरच्या घरी धिंगरी अळिंबी!’ यांपैकी फावला वेळ माझ्याकडे इतका होता की तो मला व्याजाने लावता आला असता. पत्रकात सारी कृती सहा ओळींत होती. काड भिजवा, गरम पाण्यातून काढा, पिशवीत थर देऊन भरा, बियाणे पेरा, पंधरा दिवस ठेवा, काढणी करा. काढणीनंतर पत्रकाने जी उडी मारली होती ती थेट ‘नफा’ या शब्दावर.

ज्यांना धिंगरी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजारात डबीतून मिळतात ती गोल गरगरीत बटण अळिंबी. धिंगरी शिंपल्यासारखी पसरट असते. तिचे बियाणे म्हणजे खरे बी नव्हेच. उकडलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली ती जिवंत बुरशीच असते. त्याला ‘स्पॉन’ म्हणतात. हे दाणे ओल्या काडात पेरले की त्यांतून पांढरे तंतू निघतात, काडातून काडात सरकतात, आणि सगळी पिशवी थर्माकोलच्या ठोकळ्यासारखी पांढरी होते. तोवर अळिंबी येत नाही. आधी बुरशीने काडावर पुरता ताबा मिळवायचा, मग फळ धरायचे, असा तिचा शिस्तीचा कारभार आहे. आमच्याकडे अडले ते या ताब्यापाशी.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी चार किलो गव्हाचे काड विळीवर बोटभर लांबीचे कापले. “जन्मात कधी भेंडी चिरली नाहीत!” असे सौभाग्यवती दारात उभ्या राहून म्हणाल्या. काड रात्रभर भिजवले, सकाळी कढत पाण्यात तासभर ठेवले, निथळले. म्हणजे निथळले असावे, अशी समजूत करून घेतली. चार पिशव्या भरल्या. स्पॉन पेरताना माझ्यातला मध्यमवर्गीय जागा झाला. किलोची पिशवी आणली होती, ती एका दिवसात उधळून कशी चालेल? फोडणीत जिरे टाकावे तितक्या बेताने मी दाणे भुरभुरले आणि उरलेली पिशवी ‘पुढच्या वेळी होईल’ म्हणून फ्रिजमध्ये ठेवली. मग चारी पिशव्या उत्तरेकडच्या खोलीत थेट फरशीवर मांडल्या, कारण पत्रकात ‘थंड, अंधारी जागा’ असे लिहिले होते. ही खोली इतकी थंड आहे की मे महिन्यात आम्ही तिथे पाहुणे ठेवतो आणि डिसेंबरात फक्त नावडते पाहुणे.

सोळाव्या दिवशी पिशव्या पांढऱ्या व्हायच्या होत्या. सोळाव्या दिवशी दाण्यांभोवती पांढरे ठिपके होते, चेहऱ्यावर शिब उठावे तसे. विसाव्या दिवशी शिब थोडे पसरले. बाविसाव्या दिवशी घरात बोलणी सुरू झाली.

आपल्या समाजात रोगी माणूस आणि न वाढणारे झाड यांना बघायला माणसे फार येतात. माझ्या पिशव्यांना बघायलाही येऊ लागली. वरच्या मजल्यावरचे तात्या म्हणाले, “राव, यांना साखरेचं पाणी टोचा. शक्ती येईल.” त्यांचे जावई म्हणाले, उजेड अजिबात नको, काळे कापड गुंडाळा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने बेसनाचा उपाय सांगितला. त्याच्याकडे बेसन होते. एका गृहस्थांनी सकाळ-संध्याकाळ सनई ऐकवायला सांगितली. मी प्रत्येकाला दाखवण्यासाठी तिसऱ्या नंबरच्या पिशवीचे तोंड सोडायचो, आत बघू द्यायचो आणि पुन्हा बांधायचो. हे सगळे करण्यात मला एक प्रकारचे समाधान होते. रोगी दगावला तरी नातेवाइकांना ‘आम्ही सगळं केलं’ असे म्हणता यायला हवे ना, तसे.

स्पॉन विकणाऱ्याला फोन केला. तो अतिशय गोड बोलला. “साहेब, बाकी सगळ्यांचं फस्क्लास आलंय. तुमचंच कुठंतरी चुकलंय.” कुठे, असे विचारल्यावर म्हणाला, “हाताचा गुण असतो एकेकाच्या.”

आणि आमच्या आत्याने नेमके तेच शब्द उचलले. आत्याचे वय सत्त्याऐंशी. तिचा हात मात्र खरोखरच गुणाचा. तिने लावलेले दही कवडीसारखे पडते. तिचे लोणचे तीन वर्षे टिकते. विरजणाच्या वाटीला आमच्या घरात तिच्याशिवाय कुणी हात लावत नाही. सौभाग्यवतींनासुद्धा लग्नाला एकोणीस वर्षे झाल्यावर ती वाटी धुवायची परवानगी मिळाली. आत्या म्हणाली, “त्या खोलीत केर काढायला कोण जातं?”

केर काढायला मावशी जातात. मावशी म्हणजे आमच्याकडे अकरा वर्षे काम करणाऱ्या बाई.

“मग झालं तर,” आत्या म्हणाली. “कुणाकुणाचा हात लागतो, कुठल्या दिवसात लागतो, तुला काय कळतंय!”

मावशी ओट्यापाशी भांडी विसळत होत्या. त्यांनी नळ थोडा मोठा केला. बस्स, तेवढेच.

मला त्या वेळी बोलायला हवे होते. मी बोललो नाही. बाविसाव्या दिवशी ज्याची बुरशी लागत नाही तो माणूस तत्त्वासाठी भांडत नाही. तो गुन्हेगार मिळाला म्हणून मनातल्या मनात थोडा सुखावतो. खरे तेच सांगतो आहे. दुसऱ्या दिवशी मावशी केर काढायला त्या खोलीत गेल्या नाहीत. बाहेरूनच म्हणाल्या, “भाऊ, ती एक पिशवी टाकूनच द्यायची असली तर मला द्या. पोरं बघतील गंमत.” मी एक नंबरची पिशवी त्यांना देऊन टाकली. देताना मनात आले, की हिच्या घरी तर दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात; तिथे काय उगवणार!

बारा दिवसांनी मावशींनी येता येता निरोप दिला, “भाऊ, तुमची पिशवी कापसासारखी झालीय.”

मी त्यांच्या घरी गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा गेलो, हेही इथे नोंदवून ठेवतो. पिशवी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीपासून हातभर दूर, भिंतीतल्या फळीवर बसली होती. वरपासून खालपर्यंत पांढरीशुभ्र! तिच्याकडे कुणी बघायला आले नव्हते, तिला कुणी टोचले नव्हते, सनई ऐकवली नव्हती. मी खिशातून नातवाच्या तापाचा थर्मामीटर काढला, मग तो इथे निरुपयोगी आहे हे लक्षात आल्यावर तसाच परत ठेवला आणि बाजारात जाऊन भिंतीवरचा थर्मामीटर आणला. मावशींच्या फळीवर पारा 26 अंश. आमच्या उत्तरेकडच्या खोलीत फरशीलगत, सकाळी, 16!

तेच काड, तेच पाणी, तेच स्पॉन, तोच माझा बिनगुणाचा हात. फरक दहा अंशांचा.

आता इथे मला शास्त्र थोडे सांगितले पाहिजे, कारण वाद घालायचा तर दप्तर तपासून घालावा. बुरशी ही झाड नव्हे. शास्त्रज्ञ तर म्हणतात, की ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. ती आपल्यासारखाच प्राणवायू घेते, कार्बन डायऑक्साइड सोडते आणि वाढताना थोडी उष्णताही देते. धिंगरीचे तंतू साधारण 24 ते 28 अंशांत जोमाने पसरतात. 16 अंशांत ते मरत नाहीत, पण सरकारी कचेरीत जानेवारीच्या सकाळी फाइल सरकावी तसे सरकतात. पस्तिशीच्या पुढे गेले की मात्र जिवावर बेतते. म्हणून चुलीवर नव्हे, चुलीपासून हातभर दूर. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो आणि फरशी त्याची आठवण दिवसभर धरून ठेवते. पिशवी नुसती फरशीवरून उचलून उंच फळीवर ठेवली असती, तरी निम्मे काम झाले असते. आणि सहा माणसांच्या खोलीची कोंदट हवा? ती या अवस्थेत बुरशीला खुशाल चालते. मोकळी हवा आणि उजेड लागतो तो पुढे, फळ धरताना. काळ्या कापडात गुंडाळून ती भरभर वाढेल, असेही नाही. अंधार चालतो, पण ऊब लागते. पत्रकवाल्याने नेमके उलटे लिहिले होते.

उरलेल्या तीन पिशव्यांचे मी शवविच्छेदन केले. दोन नंबरच्या पिशवीच्या तळाशी पिवळसर पाणी साचले होते आणि उघडल्यावर आंबूस वास आला. ‘निथळले असावे’ या माझ्या समजुतीचे ते फळ. काडात पाणी साठ-सत्तर टक्के असावे. त्याची परीक्षा अगदी घरगुती आहे : मूठभर काड घट्ट पिळायचे, तळवा ओला व्हावा, फार तर एखादा थेंब बोटांतून यावा. धार लागली तर काड बुडाले. तिथे हवा शिरत नाही, तंतू येऊन कडेला थांबतात आणि तळाशी दुसऱ्याच जिवाणूंचा संसार सुरू होतो. उलट तळवा कोरडाच राहिला, तर तंतू विरळ, कोळ्याच्या जाळ्यासारखे पडतात. माझ्या घरात मूठ होती, काड होते, पण पिळून बघायचे सुचले नाही. आम्ही मावशींची मूठ तपासत बसलो.

तीन नंबरची पिशवी हिरवी झाली होती. हीच ती प्रदर्शनात मांडलेली पिशवी! इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. सावकाश वाढ हा नुसता कंटाळ्याचा प्रश्न नाही, तो धोक्याचा आहे. गरम पाण्यातून काढलेले ओले काड म्हणजे गावाबाहेरचा मोकळा प्लॉट. तुम्ही कुंपण घालायला उशीर केला की कुणीतरी येऊन झोपडी टाकणारच. ताबा आधी कोण घेतो, एवढाच प्रश्न असतो. धिंगरी थंडीने गारठून बसली होती आणि मी रोज तोंड सोडून हिरव्या बुरशीला ‘या, बसा’ म्हणत होतो. वर तात्यांचे साखरपाणी! साखर सगळ्यांनाच आवडते, आणि तिच्यावर पहिला डल्ला मारणारे नेहमी उपटसुंभच असतात. ती पिशवी न उघडता, दुसऱ्या पिशवीत बांधून घरापासून लांब नेऊन पुरली.

चार नंबरची पिशवी मात्र धडधाकट होती, फक्त कुडकुडत होती. तिला फ्रिजच्या मागे, उबदार हवा येते तिथे, उंच स्टुलावर बसवले. सतरा दिवसांत पांढरी झाली. कुणीही तिला काहीही दिले नाही. फक्त जागा बदलली.

इथे लेख संपला असता तर तो एका मूर्ख माणसाच्या पश्चात्तापाचा लेख झाला असता आणि स्पॉनवाला सुटला असता. तो सुटू नये म्हणून पुढचे सांगतो.

फेब्रुवारीत मी दुसऱ्यांदा काड भरले. या वेळी शहाण्यासारखे. मूठ पिळून पाहिली. पाण्यात थर्मामीटर धरून 80 अंश तासभर राखले. पिशव्या 26 अंशांच्या खोलीत. हात साबणाने धुतले. सोवळे आणि स्वच्छ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि बुरशीला त्यांतली फक्त दुसरी कळते. स्पॉन त्याच माणसाकडून पुन्हा नवे आणले आणि या वेळी हात आखडता न घेता, ओल्या काडाच्या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे पिशवीला साठ-सत्तर ग्रॅम, मोजून घातले. पत्रकातला ‘चिमूटभर’ हा शब्द पाककृतीला ठीक आहे. इथे जितके दाणे जास्त तितकी निघण्याची ठिकाणे जास्त, आणि एकातून दुसऱ्यापर्यंतचे अंतर कमी. एवढे सगळे करूनही पिशव्या ढिम्म!

मग मी स्पॉनची उरलेली पिशवी उजेडात धरली. दाण्यांवर पांढरा थर असायला हवा तो पिवळट पडला होता, तळाशी तांबूस पाणी सुटले होते, दाणे एकमेकांना चिकटून गोळा झाला होता. ताज्या स्पॉनला पावसाळी मातीसारखा हलका, स्वच्छ वास असतो. याला इडलीच्या उरलेल्या पिठाचा होता. पिशवीवर तारीख शोधली. पिशवीवर कंपनीचे नाव होते, कमळ होते, ‘शुभ लाभ’ होते. तारीख नव्हती.

फोन केला. “ताजंच आहे साहेब.” किती ताजे? “एकदम ताजं.” दिवस किती झाले? बऱ्याच चर्चेअंती ‘असतील दोनेक महिने’ इथवर आम्ही पोचलो. दोन महिने, आणि तेही फ्रिजबाहेर, दुकानाच्या माळ्यावर! स्पॉन हा जिवंत माल आहे. तो थंडाव्यात ठेवून महिन्याभरात वापरावा; जुना झाला की तो मरत नाही, म्हातारा होतो. पेरला तर निघतो, पण काठी टेकत. आणि सगळ्यात मजेची गोष्ट अशी, की म्हातारा स्पॉन विकणारा सुरक्षित असतो, कारण पीक आले नाही तर दोष कुणाचा, ते आधीच ठरलेले आहे. हाताचा!

माझ्या मेहुणीच्या ओळखीच्या चार बायकांनी बचत गटातून पैसे काढून हाच उद्योग केला होता. ‘तयार माल आम्हीच विकत घेऊ’ असे सांगून एकाने त्यांना स्पॉनच्या पिशव्या खपवल्या. माल तयारच झाला नाही, त्यामुळे विकत घेण्याचा प्रश्नच आला नाही. त्या बायका अजून म्हणतात, “आमच्याच हाताला यश नाही.” माझा राग आहे तो इथे. मी निवृत्त माणूस, माझे फार तर हसे झाले. त्यांचे कर्ज झाले, आणि वर अपराधीपणाही त्यांच्याच पदरी! दुधाच्या पिशवीवर तारीख असते, पावाच्या वेष्टनावर असते, खोकल्याच्या औषधावर इतकी बारीक असते की ती वाचेपर्यंत खोकला थांबतो. मग स्पॉनच्या पिशवीवर का नको? पेरल्याची तारीख, वाण, आणि किती अंशांत वाढवायचा एवढ्या तीन ओळी छापा. कमळ छापायला शाई पुरते ना?

आणि हे ज्ञान काही हिमालयाच्या गुहेत दडलेले नाही. म्हणजे, आहे थोडे हिमालयात : सोलनला 1983 साली अळिंबीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र निघाले. पण त्याच साली सुरू झालेल्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाचे एक केंद्र आमच्या पुण्यात, कृषी महाविद्यालयात आहे. माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटे. मी चाळीस वर्षे त्या फाटकावरून कचेरीत गेलो आणि बियाणे घेतले ते प्रदर्शनातल्या गोडबोल्या माणसाकडून. उन्हाळ्यात दुधी अळिंबी लावावी, ती तीस-पस्तीस अंशांत आनंदाने वाढते; बटण अळिंबीला गारवाच हवा; धिंगरी मधली. ऋतू बघून वाण निवडला तर अर्धी भांडणे मिटतात. हे सारे विचारले तर सांगणारी माणसे असतात. विचारण्याऐवजी आपण हात बघतो.

कुणी म्हणेल, मग काय नुसते बसून राहायचे? नाही. पण बसणे आणि बघणे यांत फरक आहे. मी आता पिशवीवर बाहेरून पेनने रेघ मारतो, जिथवर पांढरे आले आहे तिथे. तीन दिवसांनी पुन्हा रेघ. पहिले तीन-चार दिवस काही दिसत नाही. ते तंतूंचे सामान लावण्याचे दिवस. त्यानंतर रेघ पुढे सरकत असेल, मग ती बोटभर सरको की करंगळीभर, पिशवीला हात लावायचा नाही; पेपर वाचावा. आठवडाभर रेघ जागची हलली नाही, तर या क्रमाने बघायचे : आधी पारा, मग तळाचे पाणी, मग वास, मग रंग, आणि मग स्पॉनवाल्याचा पत्ता. हात या यादीत कुठेच नाही.

हा सगळा युक्तिवाद मी आत्यापुढे केला. ती शांतपणे विरजण लावत होती. करंगळी दुधात बुडवून म्हणाली, “गार झालंय,” आणि पातेले पुन्हा मंद आचेवर ठेवले. मग म्हणाली, “थंडीत विरजण चमचाभर जास्त लागतं.” मग, “कालचंच घ्यावं, चार दिवसांचं शिळं लागत नाही नीट.” मग पातेले पिठाच्या डब्यात ठेवून, “आता हलवू नका कुणी. सारखं उघडून बघायचं नाही.”

मी जागच्या जागी थबकलो. ऊब, विरजणाचे माप, विरजणाचा ताजेपणा, स्वच्छ भांडे, आणि मधे मधे न करणे! मी तीन महिने, दोन थर्मामीटर आणि आठ पिशव्या खर्चून जे शिकलो, ते ही बाई सत्तर वर्षे रोज रात्री करत होती. दह्यातले जिवाणू वेगळे, अळिंबीची बुरशी वेगळी. पण दोघांचे बिऱ्हाड बसवायची रीत एकच. आत्याच्या हाताला गुण आहे यात शंका नाही. फक्त तो हातात नाही, करंगळीच्या टोकाला आहे, आणि जन्माने आलेला नाही. सत्तर वर्षे कोमट दुधात बुडवून बुडवून आलेला आहे.

“आत्या,” मी म्हणालो, “तुझं दही लागतं ते तू दूध तपासतेस म्हणून. मग माझी बुरशी लागली नाही तेव्हा तू मावशींना का तपासलंस?”

आत्या काही बोलली नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी माणूस माफी मागत नाही. त्याला तेवढा वेळ नसतो.

पण परवाची गोष्ट. मावशींनी त्यांच्या पिशवीतल्या दुसऱ्या तोडणीची धिंगरी रस्सा करून डब्यात आणली होती. पहिल्या तोडणीला साडेतीनशे ग्रॅम निघाली होती, ती पोरांनीच संपवली. आत्या अळिंबी खात नाही. तिच्या मते ती कुत्र्याची छत्री. डब्याकडे बघून तिने नाक मुरडले. संध्याकाळी तिचा हात दुखत होता. मावशी निघायच्या बेतात होत्या. आत्या आतून ओरडली, “अगं, जातेस कुठं? दूध कोमट झालंय का बघ करंगळीनं. आणि ती विरजणाची वाटी घे फळीवरची.”

मावशी क्षणभर दारातच उभ्या राहिल्या. मग हात धुतले, पदराला पुसले आणि आत गेल्या.

दही सकाळी कवडीसारखे पडले होते.